घाट टाळायला लावणारी कॅराव्हॅन सेवा: म्हापसा ते गोकर्ण

म्हापशाजवळ गाडीला जोडून न्यायची कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचे फिरते घर, भाड्याने देणारी एक सेवा आहे. तिच्याकडून आम्ही डिसेंबरमध्ये सहा दिवसांसाठी मोठा ट्रेलर घेतला. आतली झोपण्याची सोय आणि स्वच्छता चांगलीच होती. परंतु हा अभिप्राय मुख्यतः त्यांनी दिलेल्या मार्गाच्या सल्ल्याविषयी आहे.

मोले आणि अनमोड घाटावरून रामनगरमार्गे दांडेली गाठायची आणि तेथून यल्लापूर, अरबैल घाट असे अंकोल्याला उतरून गोकर्ण करायचे, असा आमचा बेत होता. पैसे घेण्याआधीच तिथल्या ज्येष्ठ कर्मचाऱ्यांनी मार्ग विचारला आणि स्पष्ट सांगितले, "गाडी चढेल, बाब, पण उतरताना मागचे दीड टन तुम्हांला ढकलत राहील." लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरला की तो तापतो आणि त्याची पकड कमी होत जाते, तर तीव्र वळणावर ट्रेलरची चाके गाडीच्या चाकांच्या बरीच आतून जातात, त्यामुळे समोरून अवजड ट्रक आला तर वळायला जागाच उरत नाही, हे त्यांनी कागदावर रेघा काढून समजावले. ट्रेलर किनाऱ्याच्या रस्त्याने गोकर्णला न्यावा, तिथे उभा करावा आणि दांडेलीला नुसत्या गाडीने जाऊन यावे, हा पर्यायही त्यांचाच. भाड्याचे गिऱ्हाईक हातचे जाईल याची पर्वा न करता असा सल्ला देणारे लोक मला मोलाचे वाटतात.

आम्ही राष्ट्रीय महामार्ग ६६ धरला. झुआरीच्या नव्या पुलावर रुंद मार्गिका असल्यामुळे ट्रेलर ओढताना मुळीच दडपण येत नाही. खरी परीक्षा एकच, बाळ्ळी आणि काणकोण यांच्यामधला करमल घाट. उंचीने तो अनमोडच्या जवळपासही नाही, पण जंगलातून वळत जाणारा अरुंद रस्ता आहे. सल्ल्याप्रमाणे आम्ही तो सकाळी सातच्या आत, वाहतूक वाढण्यापूर्वी ओलांडला. उतार सुरू होण्याआधीच दुसरा गिअर टाकला, ब्रेक थोडा थोडा, सोडून सोडून वापरला आणि मागे गाड्या साचल्या तेव्हा रुंद कडेला थांबून त्यांना वाट दिली. घाट उतरल्यावर २०१९ मध्ये खुला झालेला काणकोणचा बाह्यवळण रस्ता मिळतो, त्यामुळे गावातल्या गर्दीत ट्रेलर वळवण्याची वेळ येत नाही. पोळे येथे गोवा-कर्नाटक हद्द ओलांडून कारवार, अंकोला करत आम्ही दुपारपर्यंत गोकर्णला पोहोचलो.

सामान भरण्याविषयीची सूचनाही उपयोगी ठरली. जड वस्तू ट्रेलरच्या चाकांच्या किंचित पुढे ठेवाव्यात आणि एकूण वजनाचा साधारण दहावा भाग जोडणीवर यावा, असे त्यांनी सांगितले होते. परतीच्या प्रवासात घाईने गॅसची टाकी आणि पाण्याचे कॅन मागच्या बाजूला ठेवले गेले, तर साठच्या वेगातच ट्रेलर डोलू लागला. हात थरथरले. थांबून सामान पुढे सरकवताच तो सरळ चालू लागला.

तक्रार मात्र एक गंभीर आहे. जाताना कुंकळ्ळीजवळ ट्रेलरचे मागचे दिवे आणि इंडिकेटर बंद पडले, कारण विजेच्या जोडणीचा प्लग झिजून सैल झाला होता. फोन लगेच उचलला गेला, परंतु जादा फ्यूज किंवा प्लग सोबत दिलेला नव्हता आणि स्थानिक इलेक्ट्रिशियन येईपर्यंत चाळीस मिनिटे गेली. पुढे करमल घाट असताना ब्रेकचा दिवा न लागणे ही किरकोळ बाब नव्हे. ज्यांनी रस्त्याचा इतका विचार केला, त्यांनी ट्रेलर देताना गिऱ्हाइकासमोर प्रत्येक दिवा लावून दाखवायला हवा होता. दुरुस्तीचे पैसे त्यांनी भाड्यातून वजा केले आणि परत देताना मी तो प्लग त्यांच्या हातात ठेवला. आता मार्चमध्ये मुर्डेश्वरसाठी हाच ट्रेलर, याच रस्त्याने, पुन्हा सांगून ठेवला आहे. नवा प्लग बसवल्याचे मी निघण्यापूर्वी स्वतः पाहणार आहे.