सिलिकॉन व्हॅक्यूम होज: इंजिनाजवळ पास, मॉड्युलेटरवर नापास

मीटरवर विकली जाणारी सिलिकॉन होज जळगाव-धुळ्याकडे आता सहज मिळते. जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांत इंजिनाचं व्हॅक्यूम (हवेची ओढ) गिअरबॉक्सवरच्या मॉड्युलेटरला, म्हणजे त्या ओढीवरून गिअरबॉक्समधल्या तेलाचं प्रेशर ठरवणाऱ्या डबीला, पोचवणारी लाइनही बरेच जण तिच्यावरच उरकतात. पाचपैकी तीन गुण.

उष्णतेला ती दाद देत नाही, हा तिचा मोठा गुण. मे महिन्यात भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास, बॉनेटखाली तर विचारूच नका. साधं रबर तिथे कडक होऊन तडकतं. ठिबकची मायक्रोट्यूब जोडण्याचा आपल्याकडचा जुगाड तर करूच नका. ती तापली की मऊ पडते आणि आतल्या ओढीनं चपटी होते. मात्र होजची भिंत २ मि.मी. तरी हवी. पातळ होज वळणावर मिटते, दुकानातच वाकवून बघा. आतलं माप निपलपेक्षा, म्हणजे होज जिच्यावर चढते त्या तोटीपेक्षा, किंचित कमी असावं.

मॉड्युलेटरच्या टोकाला मात्र ही होज लावू नये. मॉड्युलेटरच्या आतला पडदा झिरपू लागला की एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) होजमध्ये येतं, आणि तेलात सिलिकॉन फुगून सैल होतं. तिथे नायट्राइल रबराच्या फ्युएल होजचा ५-७ सें.मी. तुकडा क्लिपसह लावा. मधला सगळा पल्ला स्टीलच्या पाइपाचा, कारण बाजूनं सायलेन्सरचा पाइप जातो. जीएमच्या टीएच-३५० गिअरबॉक्सला मुळात अशीच रचना आहे. म्हणजे सिलिकॉन लागते ती वरच्या टोकाला, वीतभर. पाच मीटरचं बंडल गळ्यात मारणाऱ्या दुकानदाराला नमस्कार करा.

होज कितीही चांगली असो, चुकीच्या जागी जोडली तर उपयोग शून्य. पेट्रोल गाडीत जोड थेट इनटेक मॅनिफोल्डवर (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांवर), थ्रॉटलच्या खालच्या बाजूला घ्यावा. कार्ब्युरेटरवरच्या डिस्ट्रिब्युटरच्या निपलवर आयडलला व्हॅक्यूम जवळपास नसतं; तिथून लाइन घेतली तर डी (ड्राइव्ह) टाकताच धक्का बसतो. ब्रेक बूस्टरच्या चेक व्हॉल्व्हपलीकडे (तो हवा एकाच दिशेनं जाऊ देतो) टी-जोड टाकणं त्याहून वाईट. अॅक्सिलरेटर दाबला तरी तिथलं व्हॅक्यूम उतरत नाही, गिअरबॉक्सला इंजिनावरचा भार कळत नाही, प्रेशर कमी राहतं आणि क्लच प्लेट जळतात.

जोडल्यावर मॉड्युलेटरच्या टोकाला टी टाकून गेज लावा. निरोगी पेट्रोल इंजिनाला आयडलवर १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम मिळतं, आणि मॅनिफोल्डवर दिसतं तेवढंच खाली दिसायला हवं. खाली कमी दिसलं तर कुठेतरी गळती आहे किंवा स्टीलचा पाइप आतून गंजून तुंबलाय. गिअर उशिरा आणि दणक्यानं पडतात ते यामुळेच. जुन्या डिझेल मर्सिडीजला ही आयडलची मोजणी लागू नाही. तिथे व्हॅक्यूम वेगळ्या व्हॅक्यूम-पंपातून येतं आणि डिझेलच्या इंजेक्शन पंपाच्या लिव्हरजवळचा व्हॉल्व्ह ते कमी-जास्त करतो.

सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, बाहेर थेंबही न गळता एटीएफ कमी होतंय आणि होजच्या आत लाल तेल दिसतंय? मग होजवर पैसे घालू नका, मॉड्युलेटरचा पडदा फाटलाय. तो बदला.