जुन्या गाडीचा फॉल्ट कोड: कोड रीडर, स्कॅनर, मल्टिमीटर की थेट गॅरेज?

जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागला की मालकापुढे साधारणपणे चार मार्ग असतात: फक्त कोड, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदलेला दोषाचा क्रमांक, वाचणारे छोटे उपकरण घेणे, चालू इंजिनाचे आकडे दाखवणारा स्कॅनर घेणे, व्होल्टेज आणि रोध मोजणाऱ्या मल्टिमीटरने सेन्सर आणि वायरिंग स्वतः तपासणे किंवा गाडी सरळ गॅरेजमध्ये नेणे. पाचवा मार्गही आहे आणि मोह त्याचाच सर्वांत जास्त होतो, तो म्हणजे कोडमध्ये ज्या सेन्सरचे नाव आले तो सेन्सर बदलून पाहणे. यांतला कोणता मार्ग धरावा हे गाडी कोणत्या काळातली आहे आणि कोड कोणत्या प्रकारचा आहे यावर ठरते. उपकरण स्वस्त की महाग हा प्रश्न त्यानंतरचा.

त्याआधी कोड नेमके काय सांगतो ते लक्षात घ्यायला हवे. सेन्सरचा कोड हा सुट्या भागाचा नसून त्या भागाच्या संपूर्ण सर्किटचा असतो. पी०११८ हा कोड घेतला, तर त्याचा अर्थ कूलंटच्या तापमान सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज प्रमाणाबाहेर जास्त आहे, एवढाच आहे. सेन्सर आतून तुटला, कनेक्टर सैल झाला, पिनेवर गंज चढला किंवा उंदराने वायर कुरतडली, तरी ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला, दिसणारे चित्र एकच असते. पी०१७१ तर कोणत्याही एका सेन्सरवर बोट ठेवत नाही. मिश्रणात हवेच्या मानाने इंधन कमी पडत आहे, इतकेच तो नोंदवतो, आणि तरीही या कोडपायी एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारे चांगले ऑक्सिजन सेन्सर काढून टाकले जातात.

गाडी किती जुनी आहे हे प्रथम पाहावे. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ओबीडी-२ ही दोष-निदानाची समान पद्धत सक्तीची झाली, तर युरोपात पेट्रोल गाड्यांना ती २००१ पासून आणि डिझेल गाड्यांना साधारण २००४ पासून लागू झाली. त्याआधीच्या गाड्यांत प्रत्येक कंपनीचा कनेक्टर आणि कोडची यादी वेगळी होती. त्यांपैकी अनेक गाड्यांत निदानाच्या कनेक्टरमधील ठरावीक दोन टोके वायरच्या तुकड्याने जोडली की चेक इंजिनचा दिवाच लुकलुकून कोड सांगतो. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत ही टोके टीई१ आणि ई१ या नावांची असतात. जनरल मोटर्सच्या त्या काळच्या गाड्यांत इंजिन बंद ठेवून चावी ऑन केली, की कोड १२ आधी लुकलुकतो आणि निदानव्यवस्था जागी असल्याचे कळते. अशा गाडीसाठी आधुनिक स्कॅनर घेणे व्यर्थ आहे. तिला त्या मॉडेलचे दुरुस्ती पुस्तक आणि मल्टिमीटर पुरतो. मात्र चुकीची टोके जोडली तर फ्यूज किंवा ईसीयू जळू शकतो, म्हणून पुस्तकातील आकृतीशी ताडून पाहिल्याशिवाय वायर लावू नये. संक्रमणाच्या वर्षांतील काही गाड्यांत १६ पिनांचा कनेक्टर दिसतो, पण आतली भाषा जुनीच असते. त्यामुळे केवळ कनेक्टरचा आकार पाहून स्कॅनर विकत घेऊ नये.

ओबीडी-२ गाडीसाठी साधा कोड रीडर आणि स्कॅनर यांत निवड करायची असेल, तर माझे मत स्कॅनरच्या बाजूने आहे. कोड रीडर कोड दाखवतो आणि पुसतो. पुसण्याची सोय हाच त्याचा धोका म्हणायला हवा. कोड पुसला की त्यासोबतची फ्रीझ फ्रेम, म्हणजे दोष नोंदला गेला त्या क्षणीचे आरपीएम, इंजिनावरचा भार, कूलंटचे तापमान आणि गाडीचा वेग, हेही नाहीसे होते. दोष थंड इंजिनावर आला की चढ चढताना आला, हे सांगणारा तोच एक साक्षीदार असतो. बॅटरीची वायर काढून दिवा घालवण्याच्या जुन्या उपायानेही अनेक गाड्यांत हेच नुकसान होते.

स्कॅनरची खरी किंमत लाइव्ह डेटामध्ये आहे. पी०१७१ असताना फ्युएल ट्रिमचे, म्हणजे ईसीयू इंधन किती टक्के वाढवतो किंवा घटवतो याचे, आकडे पाहावेत. आयडलिंगला दीर्घकालीन ट्रिम अधिक २० टक्क्यांच्या आसपास असेल आणि २५०० आरपीएमवर तो शून्याजवळ येत असेल, तर इनटेकमधून, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गातून, कुठेतरी जादा हवा आत शिरत असल्याची शक्यता मोठी असते, कारण गळतीतून येणारी तेवढीच हवा जास्त आरपीएमला एकूण हवेच्या तुलनेत नगण्य ठरते. उलट भार वाढेल तसा ट्रिमही वाढत गेला, तर फ्युएल पंप, फिल्टर किंवा मळलेला हवामापक सेन्सर यांच्याकडे वळावे. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला गळती असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन सेन्सर खोटाच पातळ मिश्रणाचा संदेश देतो, हेही तपासावे. हे सगळे नुसत्या कोडवरून कळणे शक्य नाही.

फोनशी ब्लूटूथने जोडले जाणारे अडॅप्टर हा मधला पर्याय आहे आणि पुष्कळ लोकांना तो पुरतोही. पण ईएलएम३२७ चिपच्या स्वस्त नकलांमध्ये जुने प्रोटोकॉल, म्हणजे गाडी आणि उपकरण यांच्यातील संवादाच्या भाषा, नीट चालतीलच असे नाही, आणि अमेरिकेत कॅन हा नवा प्रोटोकॉल २००८ पासूनच सक्तीचा झाल्याने जुन्या गाड्यांना नेमके तेच जुने प्रोटोकॉल लागतात. घेण्यापूर्वी आपल्या गाडीचा प्रोटोकॉल पाहून घ्यावा आणि परत करण्याची सोय असलेलेच अडॅप्टर घ्यावे. जुन्या गाड्यांत माहितीचा वेगही कमी असतो. एकाच वेळी दहा-बारा आकडे पडद्यावर मागवले, तर चांगला ऑक्सिजन सेन्सरही मंद वाटू लागतो. दोन-तीनच आकडे निवडले म्हणजे चित्र बरेच खरे दिसते.

स्कॅनर आणि मल्टिमीटर यांना मी एकमेकांचे पर्याय मानत नाही. ईसीयूपर्यंत काय पोहोचले ते स्कॅनर दाखवतो, प्रत्यक्ष वायरवर काय आहे ते मल्टिमीटर दाखवतो, आणि या दोहोंतील तफावतीतच दोष सापडतो. वर सांगितलेल्या पी०११८ मध्ये स्कॅनरवर तापमान सहसा उणे ४० अंश दिसते. सेन्सरचा कनेक्टर काढून त्यातील दोन वायरची टोके छोट्या तारेने एकमेकांना जोडावीत. आकडा एकदम १२० अंशांच्या वर गेला, तर वायरिंग आणि ईसीयू ठीक आहेत आणि सेन्सर किंवा त्याच्या पिना दोषी आहेत. आकडा उणे ४० वरून हललाच नाही, तर तार काढून सिग्नलच्या वायरवर बॅटरीच्या ऋण टोकाच्या तुलनेत व्होल्टेज मोजावे. तिथे सुमारे ५ व्होल्ट मिळाले तर अर्थची (ग्राउंडची) वायर तुटलेली आहे. काहीच मिळाले नाही तर बहुधा सिग्नलची वायर. एवढ्याने नवा सेन्सर आणायचा की नाही याचा निकाल लागतो. ही तपासणी फक्त दोन वायरच्या तापमान सेन्सरवर करावी, तीन वायरच्या सेन्सरवर कदापि करू नये. शिवाय काही स्कॅनर कंपनीच्या स्वतंत्र मेनूमध्ये ईसीयूने गृहीत धरलेले पर्यायी तापमान दाखवतात, म्हणून या वेळी सर्वसाधारण ओबीडी मेनूच वापरावा.

एकाच वेळी तीन-चार सेन्सरचे कमी व्होल्टेजचे कोड आले असतील, तर मल्टिमीटरचा उपयोग आणखी वाढतो. थ्रॉटलचा सेन्सर, इनटेकच्या दाबाचा सेन्सर आणि असे इतर काही अनेक गाड्यांत एकाच ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर चालतात, आणि त्यांतला एक जरी आतून शॉर्ट झाला तरी तो सगळ्यांचा पुरवठा खाली ओढतो. त्या वायरवर मीटर लावून एकेक सेन्सरचा कनेक्टर काढत जावे. ज्याचा काढताच ५ व्होल्ट परत येतात, दोष तिथे आहे. मीटर डिजिटल आणि १० मेगाओहम इनपुट रोधाचा असावा. साध्या बल्बचा टेस्ट लॅम्प ईसीयूच्या वायरींना लावू नये, आणि एअरबॅगच्या, बहुधा पिवळ्या असलेल्या कनेक्टरांना हातच लावू नये.

भाग बदलून पाहणे सरसकट चूक आहे, असे मात्र नाही. पी०१३५ म्हणजे ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचे सर्किट. फ्यूज शाबूत आहे, कनेक्टरपर्यंत १२ व्होल्ट पोहोचत आहेत, अर्थची वायर ठीक आहे आणि हीटरच्या दोन पिनांमध्ये मीटर अनंत रोध दाखवत आहे, एवढे पाहिल्यावर सेन्सर बदलायलाच हवा. तिथे गॅरेजची गरज नाही. पी०४२० मध्ये मात्र मागचा ऑक्सिजन सेन्सर बदलणे बहुधा वाया जाते, कारण तो सेन्सर निरोप्या असतो आणि दोष धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये किंवा एक्झॉस्टच्या गळतीत असतो.

गॅरेजचा पर्याय पहिल्याच दिवशी निवडावा असा दोष म्हणजे गरम झाल्यावर बंद पडणारी आणि थंड झाल्यावर पुन्हा चालू होणारी गाडी, विशेषतः सोबत क्रँकशाफ्ट सेन्सरचा पी०३३५ असेल तर. अशा सेन्सरची कॉइल थंड असताना मीटरवर व्यवस्थित रोध दाखवते आणि तापल्यावर आतून सुटते. स्टार्टर फिरत असताना स्कॅनरवर आरपीएम शून्यच राहिला तर संशय बळावतो, पण क्षणभर तुटणारा सिग्नल पकडायला सिग्नलचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप लागतो आणि तो वाचणारा माणूसही लागतो. म्हणून गॅरेज निवडताना त्यांच्याकडे ऑसिलोस्कोप आहे का आणि तपासणीचे पैसे दुरुस्तीपासून वेगळे घेतात का, हे आधी विचारावे. तपासणीचे वेगळे पैसे घेणाऱ्याला सेन्सर विकण्याची घाई कमी असते. गाडी ताब्यात देण्यापूर्वी कोड आणि फ्रीझ फ्रेमचे आकडे कागदावर उतरवून द्यावेत, आणि तपासणी पूर्ण होईपर्यंत कोड पुसू नका, असे स्पष्ट सांगावे.