महाधमनीचा व्यास मोजणारे सेंटरलाइन सॉफ्टवेअर : वर्षभराच्या वापरानंतर

महाधमनीचा आतला थर फाटून रक्त भिंतीत शिरते, त्या डिसेक्शनवर स्टेंट ग्राफ्ट (धातूच्या जाळीचा आधार असलेली कापडी नळी) बसवायचा तर ग्राफ्टचे वरचे टोक जिथे टेकणार तिथला व्यास अचूक हवा. त्यासाठी आमच्या विभागात वर्षभर वापरलेल्या सॉफ्टवेअरविषयी हे लिहीत आहे.

त्याची खरी कामगिरी म्हणजे नळीला काटकोनात घेतलेला छेद. सीटीचे आडवे छेद शरीराच्या अक्षाला लंब असतात, वळत जाणाऱ्या महाधमनीला नव्हे. 30 मिलिमीटर व्यासाची नळी काटकोनापासून 30 अंश ढळून कापली गेली, तर तिचा लांब व्यास जवळजवळ 35 भरतो. हे सॉफ्टवेअर मध्यरेषेला लंब छेद काढते आणि परीघ व क्षेत्रफळही देते. 32 बाय 28 च्या लंबगोलाचा क्षेत्रफळावरून काढलेला व्यास 29.9 येतो, आणि ग्राफ्ट निवडताना तोच अधिक भरवशाचा वाटतो.

फाटलेल्या भागात मात्र त्याची पंचाईत होते. तिथे रक्ताची मूळ वाट (ट्रू ल्यूमेन) आणि भिंतीत तयार झालेली खोटी वाट (फॉल्स ल्यूमेन) अशा दोन पोकळ्या असतात, मध्ये फाटलेल्या थराचा पडदा म्हणजे फ्लॅप. दोन्ही पोकळ्यांत कॉन्ट्रास्ट (सीटीत रक्त उजळ दिसावे म्हणून टोचलेले द्रव्य) सारखाच उजळ असला, की आपोआप आखलेली रेषा फ्लॅपच्या छिद्रातून सरळ फॉल्स ल्यूमेनमध्ये शिरते. एका रुग्णात डाव्या सबक्लेव्हियन धमनीच्या (डाव्या हाताकडे जाणाऱ्या फाट्याच्या) थोडे खाली असेच घडले. रेषा दिसायला इतकी सुबक होती की, छेद एकेक करून खाली सरकवले नसते तर ही चूक कुणाच्याही लक्षात आली नसती. बिंदू हाताने ओढता येतात, पण एक हलवला की पुढची रेषा नव्याने आखली जाते आणि आधीची मेहनत वाया जाते. चंद्रकोरीसारख्या चपट्या ट्रू ल्यूमेनचा कमाल व्यास ठळक अक्षरांत पुढे येतो, जो तिथे जवळपास निरर्थक असतो. परीघ मात्र दुय्यम मेनूत शोधावा लागतो.

सर्वांत गंभीर तक्रार ओव्हरसायझिंगची, म्हणजे ग्राफ्ट धमनीच्या व्यासापेक्षा किती टक्के मोठा घ्यायचा याची आहे. सॉफ्टवेअर आपणहून 20 टक्के धरते. धमनीविस्फारात (धमनी फुग्यासारखी फुगण्याच्या विकारात) 10 ते 20 टक्के चालतात. डिसेक्शनमध्ये बहुधा शून्य ते 10 टक्केच घेतले जातात, कारण नाजूक भिंतीवर ग्राफ्टचा दाब वाढला तर हृदयाच्या दिशेने नवे डिसेक्शन होऊ शकते किंवा ग्राफ्टच्या टोकाशी नवी चीर पडू शकते. शिवाय फाटल्यावर महाधमनी फुगते, त्यामुळे आधार न फाटलेल्या वरच्या भागाच्या मापाचाच हवा. ही सेटिंग बदलता येते, पण नवा रुग्ण उघडला की पुन्हा 20 वर जाते; म्हणून आम्ही स्क्रीनच्या कडेला चिठ्ठीच चिकटवली आहे.

आपोआप येणारे माप भिंत धरून आहे की वगळून, हे माहितीपुस्तिकेत कुठेच नाही. काही ग्राफ्टचे तक्ते आतल्या व्यासावर बेतलेले असतात, काही बाहेरच्या. शेवटी कॅल्शियम साचलेल्या एका भिंतीवर हाताने रेषा ओढून आम्ही पडताळले, तेव्हा हे माप आतले असल्याचे कळले.