तेरेखोल ते पोळे पायी: किनाऱ्यासाठी घेतलेल्या सँडलचा अनुभव

किनाऱ्याने लांब चालायचं असेल तर बूट नकोत, पुढून झाकलेले पट्ट्यांचे सँडल घ्या, असं मी आता ठामपणे सांगेन. पावसाच्या तोंडावर घेतलेली ही जोडी आधी फर्मागुडीच्या चढावर आणि मिरामारला वापरली. थंडी सुरू झाल्यावर मित्राबरोबर गोव्याच्या उत्तर टोकाच्या तेरेखोलहून निघालो आणि दक्षिण टोकाच्या पोळेपर्यंत गेलो ते याच सँडलवर. आजही रोज पायात तेच असतात.

गोव्याचा किनारा जुन्या मोजणीने शंभर किलोमीटरच्या थोडा वर, पण चालणं त्याहून बरंच जास्त होतं, कारण प्रत्येक नदी वाट अडवते. केरीची फेरीबोट, शापोऱ्यावर शिवोलीचा पूल, मांडवीला बेतीची फेरी, जुवारीवर कुठ्ठाळीचा पूल, पुढे साळ नदीला वळसा. त्यामुळे सकाळी ओली वाळू, तर दुपारी तापलेलं डांबर. फेरीच्या बुळबुळीत धक्क्यावर रबरी तळवा छान धरतो. हणजूणला आणि काब द रामच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, जांभ्याच्या भोकाभोकांच्या कडा बोटांना लागल्या असत्या, तिथे पुढचं आवरण उपयोगी पडलं. शेवाळलेल्या खडकावर मात्र हेही घसरतात. तिथे सरळ वरची वाट धरावी.

खरा कस लागला वेळसांव ते मोबोर. वीस किलोमीटरहून जास्त सलग पुळण! ओहोटीला पाण्यालगतची घट्ट वाळू धरून चाललं तर पाय भराभर पडतात, भरतीला वरच्या भुसभुशीत वाळूत पोटऱ्या भरून येतात. मित्राच्या पायात बूट होते. वाळू मोज्यात शिरली, लाट आली की मोजे भिजायचे आणि बाणावलीच्या आधीच त्याच्या टाचेला फोड आला. तरी गडी थांबला नाही. बूट गळ्यात अडकवून अनवाणी चालला, मीही वेग कमी केला आणि त्या संथ चालण्यात आमच्या जितक्या गप्पा झाल्या तितक्या कित्येक वर्षांत झाल्या नव्हत्या. असा सोबती असेल तरच हा बेत आखा.

तक्रार एकच, पण मोठी: वेल्क्रो. बारीक वाळू त्याच्या केसांत अशी रुतते की पट्टा चिकटेनासा होतो. रोज रात्री नळाखाली जुन्या टूथब्रशने घासून, उलटा धरून झटकला की पुन्हा नीट बसतो. बकलाची जोडी मिळाली तर तीच घ्या. टाचेची बाहेरची कडही झिजली आहे, वाळूपेक्षा डांबराने जास्त. तळव्याची शिलाई अजून शाबूत आहे. नुसत्या चिकटवलेल्या तळव्याच्या भरवशावर खाऱ्या पाण्यात उतरू नका.

माप संध्याकाळी घ्या, चालून पाय थोडे सुजलेले असताना.