२५ नंबरचा लाल फिल्टर: बरेच महिने ढगांवर वापरल्यानंतर

काल फिल्टर पुन्हा लेन्सवर अडकला, म्हणून लिहायला बसलो. कृष्णधवल फिल्मवर, फक्त ढगांसाठी वापरतोय. काचेबद्दल तक्रार नाही. रिंग मात्र ॲल्युमिनियमची, लेन्सचे आटेही ॲल्युमिनियमचे. जरा घट्ट बसली की सुटायचं नाव नाही. सर्व्हिसवाल्याने थेट लेन्सचा पुढचा भाग बदलायला सांगितलं. एका फिल्टरपायी एवढा खर्च? मी नाही केला. कडेला रुंद रबरबँड गुंडाळला आणि सगळीकडून बोटं सारखी ठेवून हलकेच फिरवला, निघाला. दोन बोटांत करकचून धरला तर रिंग किंचित चेपते आणि जास्तच आवळते. घ्यायचाच असेल तर पितळी रिंगचा घ्या. चार पैसे जास्त जातील, पण हा छळ वाचेल.

आता ढगांचं. लाल काच निळा प्रकाश अडवते, त्यामुळे डोक्यावरचं निळं आकाश जवळपास काळं होतं आणि पांढरा ढग अंगावर येतो. पहिले रोल बघून हरखून गेलो होतो. पुढे तेच खटकायला लागलं. सकाळचा पिंजलेला विरळ ढगसुद्धा रागावलेला दिसतो! मला हवी होती हुरहुर. ती ८ नंबरच्या पिवळ्याने जास्त चांगली उतरते: आकाश मधल्या करड्यावर थांबतं, ढगाची कड त्यात हळूच विरते. आभाळ पूर्ण भरून आलेलं असेल तर लाल फिल्टर जवळजवळ निरुपयोगी. अडवायला निळं असतंच कुठे? वर तीन स्टॉप प्रकाश जातो, म्हणजे आठवा हिस्साच उरतो, तो वेगळाच. अशा वेळी प्रिंट थोडी गडद काढली की मळभ मनात उतरतं.

अमेरिकन छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झने १९२२ पासून न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्जला ढग टिपले आणि पुढे त्या फोटोंना ‘इक्विव्हॅलंट्स’ म्हटलं: स्वतःच्या मनातल्या अनुभवांचे समतुल्य. प्रिंट जेमतेम ४ बाय ५ इंचांच्या, आणि बहुतेकांत क्षितिज नाही. हे मी करून पाहिलं. खाली झाडाचा शेंडा जरी राहिला तरी बघणारा ‘कुठला फोटो?’ विचारतो. तो शेंडा कापल्यावर मात्र लोक गप्प राहून बघतात, आणि मग स्वतःचं काहीतरी बोलतात. फिल्टरपेक्षा हा बदल कितीतरी मोठा, आणि फुकट.

सध्या लेन्सवर पिवळा असतो. लाल लावतो तो हवा स्वच्छ असताना, कापसासारखे सुटे ढग असतील तेव्हाच. आणि शेवटचा पाव वळसा आवळत नाही.