टांगाचा वाख की बाहियाचा? दोन्ही वळून पाहिल्यावर

घायपाताच्या, म्हणजे सिसलच्या वाखाचे (पानांतून निघणाऱ्या धाग्यांचे) दोर वळणं हे माझं रोजचं काम. सध्या दोन माल वापरात आहेत: टांझानियाच्या टांगा भागातला ‘थ्री-एल’ प्रतीचा आणि ब्राझीलच्या बाहिया राज्यातला. दोरासाठी मी टांगाचाच घेईन. झाड दोन्हीकडे एकच, म्हणून कारण नीट सांगतो.

टांगाची पेंढी सोडली की वाख फिकट, सायीच्या रंगाचा दिसतो आणि बोटांतून सरळ निघतो. थ्री-एल म्हणजे लांबी किमान ९० सेंटीमीटर. त्यामुळे पेडात सांधे कमी येतात, पीळ सारखा बसतो. बाहियाचा वाख पिवळसर. बुडख्याकडे सुकलेल्या गराचे खवले चिकटलेले असतात. विंचरल्याशिवाय वळायला घेतला तर पेड मध्येच जाड होतो आणि हाताखाली भुकटीचा थर साचतो.

फरक पडतो तो पान कापल्यानंतर लगेच. टांगाकडे मोठे मळे आहेत. पानं कारखान्यात येतात, यंत्रात पाण्याच्या धारेखाली गर निघून जातो. मग तारांवर वाळवण, ब्रश, प्रतवारी आणि २५० किलोच्या गासड्या. बाहियाचा सिसल पट्टा दुष्काळी. धुवायला पाणी आणणार कुठून? तिथे ‘पाराइबाना’ नावाचं छोटं यंत्र शेतातच फिरवतात आणि माणूस हाताने एकेक पान त्यात घालतो. वाख न धुताच वाळतो, म्हणून ते खवले. त्या यंत्रात बोटं, पंजे गमावलेली माणसं त्या पट्ट्यात आहेत. स्वस्त गासडी समोर आली की मला ते आठवतंच, आणि यंत्राला सुरक्षित तोंड बसवण्यासाठी चार पैसे जास्त मोजायला मी तयार आहे.

आज जगात सर्वांत जास्त वाख ब्राझीलच निर्यात करतो. चीन त्याचं मोठं गिऱ्हाईक. एकेकाळी हा मान टांगाचा होता. १८९३ साली जर्मन शेतीतज्ज्ञ रिचर्ड हिंडॉर्फ यांनी फ्लोरिडाहून मागवलेल्या रोपांपैकी ६२ जगली आणि त्यांतून तिथली लागवड वाढली. १९६४च्या सुमारास उत्पादन २ लाख ३० हजार टनांच्या घरात गेलं. पुढे पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या सुतळीने बाजार खाल्ला, १९६७नंतर बरेच मळे सरकारकडे गेले आणि उत्पादन घसरत राहिलं. बाहियाच्या छोट्या शेतकऱ्याला कारखाना उभारावा लागत नाही, म्हणून पडत्या भावातही तो तग धरतो.

त्याच्या मालाला सरसकट नावं ठेवणं अन्याय होईल. गवताचे भारे बांधायची सुतळी किंवा प्लास्टरमध्ये घालायचा कातरलेला वाख, यांना तो छान चालतो. ताकदीत मला फारसं उणं-अधिक जाणवलेलं नाही. त्रास होतो तो माल बेभरवशाचा असल्याचा: वरचा थर लांब, स्वच्छ आणि आत आखूड तुकडे, अशी गासडी मला एका पुरवठादाराने दिली होती.

टांगाचा घेतानाही प्रत लिहून घ्या. ‘यूजी’ प्रतीत ६० सेंटीमीटरचा वाखही चालतो, आणि तो थ्री-एलच्या भावात खपवणारे भेटतात. गासडी मधोमध उघडायला सांगा, मूठभर वाख ओढून बुडख्याकडची टोकं बघा आणि मगच पैसे द्या.