स्प्लेंडरचे टायमिंग चेन किट: कंपनीचे घ्यावे की बाजारातले?

थेट सांगायचे तर कंपनीचे घ्यावे. पण त्याआधी ते खरेच लागते का, हे बघावे. टायमिंग चेन म्हणजे मागच्या चाकाची नव्हे, तर इंजिनाच्या आत क्रँकवरून व्हॉल्व्ह चालवणारी चेन. गावाकडे इंजिन खडखडले की 'चेन गेली' म्हणून किट मागवले जाते आणि नवीन चेन टाकूनही आवाज तसाच राहतो. दोष किटचा नसतो, निदान चुकलेले असते.

हे परीक्षण ९७.२ सीसीच्या कार्ब्युरेटरवाल्या स्प्लेंडरपुरते आहे. विदर्भात हीच गाडी सोयाबीनच्या दिवसांत पांदणीच्या चिखलातून दुसऱ्या गिअरात ओढली जाते, मागे खताचे पोते किंवा दुधाचे कॅन असतात आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात तालुक्याला जाऊन येते. इंजिन तापते, वेग कमी म्हणून हवा लागत नाही, ऑईल लवकर पातळ आणि काळे होते. या इंजिनात टायमिंग चेन ताणून धरण्याच्या कामात ऑईलचाही वाटा आहे, म्हणून सुरुवात ऑईलपासून करायची. गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करून डिपस्टिक पुसा, आटे न फिरवता नुसती टेकवा आणि पातळी बघा. कमी असेल किंवा काळे होऊन पाण्यासारखे पातळ झाले असेल तर १० डब्ल्यू ३० ग्रेडचे, जासो एमए (ऑईलमध्ये चालणाऱ्या बाईकच्या क्लचसाठीचे मानक) लिहिलेले ऑईल बदला आणि दोन-चार दिवस चालवा. बऱ्याच गाड्यांचा आवाज इथेच उतरतो.

उतरला नाही तर आवाज नेमका कुठला ते शोधा. लांब पेचकसाचे टोक इंजिनला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. हेडवर वरच्या बाजूला एका लयीत टिकटिक येत असेल तर ती टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची. इंजिन पूर्ण थंड असताना, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाच्या फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्टीने, गॅप लावा. नुसत्या बोटाच्या अंदाजाने लावू नका. उजव्या बाजूचा आवाज क्लच दाबल्यावर बदलत असेल तर तो क्लचकडचा. थंड इंजिनात खटखट आणि तापल्यावर बंद, तर पिस्टनकडे संशय धरा. चढावर किंवा ओझ्यावर खोल ठोका येत असेल तर कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग. अशी गाडी चालवत मेस्त्रीकडेही नेऊ नये. टायमिंग चेनचा आवाज डाव्या बाजूला, ब्लॉकच्या (सिलेंडरच्या) कडेने येतो. तो खर्रखर्र असतो, सारख्या लयीत नसतो. रेस थोडी वाढवली की दबतो, अॅक्सिलरेटर सोडला की पुन्हा उठतो. सकाळी पहिल्या किकला दोन-तीन सेकंद येऊन थांबला तर घाई नको. टेन्शनरमध्ये (चेन ताणून धरणाऱ्या भागात) ऑईल पोचेपर्यंतचा तो वेळ आहे.

आता किटबद्दल. त्यात चेन असते, पण खरे पैसे रबराचे आहेत. चेन ताणणारा हात, म्हणजे टेन्शनर आर्म, त्यावरचा रोलर, ब्लॉकमधला गाईड रोलर आणि खालून आर्मला रेटणाऱ्या पुश रॉडचे रबरी टोक, एवढ्या गोष्टी गरम ऑईलमध्ये आयुष्य काढतात. बाजारातल्या स्वस्त किटची चेन दिसायला ठीक असते, रबर मात्र उष्णतेने कडक होते. मग रोलरवर खाच पडते, तुकडे सुटतात आणि ते ऑईलच्या जाळीत जाऊन बसतात. जाळी उजव्या कव्हरच्या आत आहे. जुने ऑईल काढताना त्यात काळे रबरी कण दिसले, तर ते कव्हर उघडून जाळी साफ केल्याशिवाय नवीन किट लावणे म्हणजे नव्या भागांना अर्धपोटी ठेवणे.

दुकानातच तपासता येण्यासारखे बरेच आहे. रोलरवर नख दाबा, खूण लगेच भरून आली पाहिजे. चेन आडवी धरून एका टोकाने पुढे काढा. नवीन चेन बाजूला फारशी लोंबत नाही, एकही कडी अडकत नाही. स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन बसते त्या चाकाच्या, दातांवर बोट फिरवा, धारदार कंगोरे नकोत. पाकिटावर पार्ट नंबर आणि एमआरपी छापलेली हवी. गाडीचे मॉडेल आणि आरसी बुकातले वर्ष सांगूनच मागा, कारण १९९४ पासून स्प्लेंडरचे किती तरी प्रकार आले आहेत. 'सगळ्यांना एकच बसते' म्हणणाऱ्या काउंटरवर विश्वास ठेवू नका. काही दुकानांत किटमधले भाग सुटेही मिळतात. फक्त आर्म आणि पुश रॉड गेला असेल तर तेवढेच घ्या.

घरी बसवणे शक्य आहे, मात्र मॅग्नेट पुलर, म्हणजे क्रँकच्या टोकावरचे चुंबकी चाक ओढून काढायचे हत्यार, नसेल तर हात घालू नका. मॅग्नेट हातोडीने ठोकून काढणारे बघितले की जीव कळवळतो. क्रँकचे आटे चेपतात आणि क्रँकचा मेळही बिघडू शकतो. आधी स्पार्क प्लग काढा, म्हणजे इंजिन हाताने सहज फिरते. हेडच्या डाव्या अंगाचे झाकण उघडा. इंजिन फिरवून मॅग्नेटवरची 'टी' खूण केसवरच्या खुणेसमोर आणा. त्याच वेळी कॅम स्प्रॉकेटवरची (वरच्या, व्हॉल्व्ह चालवणाऱ्या दांड्यावरच्या स्प्रॉकेटवरची) 'ओ' खूण हेडच्या खाचेसमोर हवी आणि दोन्ही टॅपेट हाताला सैल लागले पाहिजेत. नसतील तर अजून एक फेरा फिरवा. या स्थितीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मग खालचा सील बोल्ट काढून स्प्रिंग आणि पुश रॉड बाहेर घ्या, मॅग्नेट काढा, त्यामागची कॉईल प्लेट उतरवा. क्रँकवरची, मॅग्नेट जागेवर धरणारी छोटी चावी डबीत ठेवा, ती हरवली तर काम तिथेच थांबते. जुनी चेन खाली सोडण्याआधी तिला तार बांधा, त्याच तारेने नवीन वर ओढता येते.

गाईड रोलर बदलायचा तर हेड उचलावे लागते. त्याला नवीन गॅस्केट आणि टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) हवा, म्हणून तेवढे काम अनुभवी मेस्त्रीकडे द्यावे हेच आमचे मत.

जोडताना जुनी आणि नवीन स्प्रिंग शेजारी उभी करून उंची बघा. जुनी बसकी असेल तर फेकाच. पुश रॉड ऑईलमध्ये बुडवून, त्याचे तोंड भरून मगच घाला. कॉईल प्लेटखालची ओ-रिंग आणि सील बोल्टचे वॉशर नवीनच हवे. किटमध्ये ते असतीलच असे नाही, वेगळे मागून घ्या. सील बोल्ट अॅल्युमिनियमच्या केसमध्ये बसतो. जोर लावून आवळला की आटे गेले, आणि मग थेंबथेंब गळती कायमची. प्लग न लावता इंजिन हाताने, चाकाच्या पुढच्या दिशेने, दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे अडले तर जबरदस्ती नको. चेन एक-दोन दात चुकलेली असेल तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागून वाकू शकतो. खुणा पुन्हा जुळल्या तरच झाकण लावा.

ज्यांची गाडी एप्रिल २०२० नंतरची, बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांची) आहे, त्यांच्या मॅग्नेटजवळ सेन्सर असतो. तिथे पेचकस अडकवून मॅग्नेट धरू नका, आणि किटही त्याच मॉडेलचे आहे याची पार्ट नंबरवरून खात्री करा.